गच्चीवरचा कर्णा

(दृश्य : होस्टेलची गच्ची. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी. मधोमध आकाशाकडे तोंड करून ठेवलेला चकचकीत कर्णा.)

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, आतून ॲल्युमिनियमची फॉइल, कडांना चिकटपट्टी. बुडाशी थिनरचा पाच लिटरचा डबा, एक बाजू कापलेला. पुण्यातल्या एका कॉलेजच्या होस्टेलवर ही रेडिओ दुर्बीण, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारी दुर्बीण, उभी आहे.

फेब्रुवारीतली सकाळ. दहा वाजून गेलेत, ऊन चटके देतंय आणि श्रवण नक्षत्राच्या बाजूची आकाशगंगा बरोबर डोक्यावरून चाललीय. आपल्याला फक्त निळं आकाश दिसतं. रेडिओ दुर्बिणीला मात्र दिवस-रात्र सारखीच.

बनवणारे चौघं. दोघी कॉम्प्युटर सायन्सच्या, दोघं फिजिक्सचे, सगळे शेवटच्या वर्षाला. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट विकत मिळतात. कोड, रिपोर्ट आणि वर सोनेरी अक्षरांचं काळं बायंडिंग. हे कॉलेजात शिकलेल्या कुणाला नव्यानं सांगायला नको. तो रस्ता यांनाही मोकळा होताच.

(दृश्य : सोल्डरिंग. धूर. पट्टीवर मोजली जाणारी तांब्याची तार.)

तारेची लांबी बघा. सव्वापाच सेंटिमीटरच्या किंचित वर. हायड्रोजनची रेडिओलहर 21 सेंटिमीटरची, तिचा हा चौथा भाग. डब्यात शिरलेली लहर ही तार पकडते.

हायड्रोजनचा एखादा अणू आपणहून ही लहर सोडायला सरासरी एक कोटी दहा लाख वर्षं घेतो. तरी ती सापडते, कारण आकाशगंगेत हायड्रोजन अमाप आहे. अशी लहर असायला हवी, हे डच खगोलशास्त्रज्ञ हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट यांनी 1944 साली कागदावर मांडलं. मार्च 1951 मध्ये हार्वर्डच्या एका खिडकीबाहेर इवेन आणि पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञांनी ती टिपली. त्यांचाही कर्णाच होता, प्लायवूडचा, आतून तांब्याचा पत्रा लावलेला. पाऊस आला की पाणी थेट प्रयोगशाळेत यायचं आणि खालून जाणारी पोरं त्यात बर्फाचे गोळे मारायची. इथे गच्चीवर तो त्रास कबुतरांचा आहे.

(दृश्य : लॅपटॉपला लावलेला पेनड्राइव्हएवढा डाँगल. स्क्रीनवर धावणारे आकडे.)

हा डाँगल मुळात लॅपटॉपवर टीव्ही बघण्यासाठी निघाला. जगभरच्या हौशी लोकांनी त्याचा रेडिओ केला. सेकंदाला चोवीस लाख नमुने, प्रत्येक नमुन्याला दोन बाइट. म्हणजे तासाला सतरा जीबी. पहिल्याच रात्री लॅपटॉप भरून बंद पडला.

इथून पुढचं काम कॉम्प्युटरवाल्या दोघींचं. कच्चा डेटा साठवायचाच नाही, असं त्यांनी ठरवलं. आला की लगेच त्याचा वर्णपट, म्हणजे कुठल्या वारंवारतेवर किती जोर आहे याचा आलेख, काढायचा, हजारो वर्णपटांची सरासरी घ्यायची आणि तेवढीच ठेवायची. सरासरी शंभरपट वाढवली तर खरखर दहापट कमी होते. वर्गात हे सूत्र पाच मार्कांना येतं. इथे त्यासाठी पायथॉनचा प्रोग्राम तीनदा मोडून लिहावा लागला, कारण डेटा येण्याच्या वेगाला तो पुरा पडत नव्हता.

(दृश्य : मोबाइलवर घेतलेलं हलतं चित्रण. रात्र. ओरडण्याचे आवाज : "अगं, आली! आली बघ!")

ही जानेवारीतली रात्र. मृग नक्षत्र वर आलेलं. आलेखाच्या बरोबर मधोमध, 1420.4 मेगाहर्ट्झवर, म्हणजे हायड्रोजनच्या 21 सेंटिमीटरच्या लहरीच्या वारंवारतेवर, सुईसारखी सरळ रेघ.

मग त्यांच्यातल्याच एकानं कर्णा उपडा केला. तोंड गच्चीच्या फरशीकडे.

(दृश्य : स्क्रीन. रेघ तशीच.)

फरशीत आकाशगंगा नसते. ती रेघ डाँगलची स्वतःची होती. ज्या वारंवारतेवर लावाल, तिथे मधोमध अशी खोटी सुई उमटते, आणि यांनी तो नेमका हायड्रोजनवरच लावला होता. चित्रीकरण इथे थांबलंय. पुढचे काही दिवस कुणी कॅमेरा काढला नाही.

आमच्या मते या प्रोजेक्टमधली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तो उपडा केलेला कर्णा.

(दृश्य : नवा आलेख. बुटका, पसरट उंचवटा.)

डाँगल अर्धा मेगाहर्ट्झ बाजूला लावला, विजेच्या उपकरणांची खरखर नको म्हणून चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला, जिन्यातली एलईडी ट्यूब बंद केली. मग हा आला. सुईसारखा अजिबात नाही. सकाळी दहाच्या सुमारास पसरट, एका बाजूला कललेला. रात्री नवाच्या सुमारास जास्त निमुळता. सकाळच्या दिशेला आपल्यापासून दूर पळणारा वायू आहे, म्हणून लहर ताणली जाते आणि उंचवटा कलतो. आपली दीर्घिका, म्हणजे आकाशगंगा, फिरते, हे चौघांनी थिनरच्या डब्यात पाहिलं.

(दृश्य : भिंतीवर एकाखाली एक चिकटवलेले दहा दिवसांचे आलेख.)

तरी शंका होती : शेजारच्या इमारतीतला एखादा पंप रोज त्याच वेळी सुरू होत असेल तर? पण पंप घड्याळावर चालतो. तारे रोज चार मिनिटं लवकर येतात. एका दिवसात ते कळत नाही, दहा दिवसांत चाळीस मिनिटं होतात. या आलेखांत आडवी घड्याळाची वेळ आहे. ते वरून खाली बघत जा, माथा डावीकडे सरकतोय. 1930च्या दशकात अमेरिकन रेडिओ इंजिनिअर कार्ल जान्स्कीनं याच चार मिनिटांवरून आकाशगंगेचा आवाज ओळखला होता.

(दृश्य : नारायणगावच्या पुढे, खोडदची वाट. शेतांमागे तारेच्या जाळीच्या प्रचंड डिश.)

पुण्यापासून ऐंशी किलोमीटरवर 45 मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. तीही हाच हायड्रोजन शोधते, फक्त फार लांबचा. 2023 साली जाहीर झालेल्या एका शोधात तिने टिपलेली लहर वाटेत ताणली जाऊन 48 सेंटिमीटरची झाली होती.

प्रोजेक्टला मार्क बरे मिळाले. दोघं नोकरीला लागलेत, एक एम.एस्सी. करतोय, एक परीक्षांचा अभ्यास.

(दृश्य : जिन्याखाली चादरीत गुंडाळलेला कर्णा. गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम.)

पावसाआधी तो खाली आणावा लागला. फॉइल दोन ठिकाणी फाटलीय. थिनरचा डबा शाबूत आहे, तार अजून आत आहे.