इंजेक्शनाआधी रक्त काढा

नमस्कार मंडळी. आजचा विषय आहे, अंगावर वर्षानुवर्षं पित्त उठणाऱ्या माणसाला कुठलं औषध लागू पडेल हे आधी सांगता येतं का. बऱ्याच अंशी येतं, आणि कसं ते मी सांगणार आहे. पण आधी मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी पित्त उठलं की आमसुलाचं पाणी चोळतात? बघा, निम्म्याहून जास्त हात वर आले! माझी आईही चोळायची. गारव्यानं खाज घटकाभर थांबते, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती 'पित्त' या शब्दाला. तो ऐकला की सगळं घर रुग्णाच्या ताटाकडे बघायला लागतं. गांध उठते ती त्वचेतल्या मास्ट पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, हिस्टामिन हे खाज आणि सूज आणणारं रसायन बाहेर टाकतात म्हणून. सहा आठवड्यांच्या वर गांधी उठत राहिल्या की तो जुनाट आजार, आणि त्यात खाण्याचा दोष क्वचितच असतो. पुष्कळांच्या बाबतीत स्वतःची प्रतिकारशक्तीच या पेशींना डिवचत असते.

माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. पिशवीभर फायली आणि एक शंभर पानी वही. वहीत सोडलेल्या पदार्थांची यादी: वांगं, शेंगदाणे, दही, टोमॅटो, अंडं, हरभऱ्याची डाळ. तीन वर्षं चालू होतं हे. "मॅडम, आता मुगाची खिचडी तेवढी उरलीय," म्हणाल्या. गांधी रोज उठतच होत्या. मी त्यांच्या दंडावरच्या एका गांधीभोवती बॉलपेननं रेघ ओढली आणि म्हटलं, उद्या याच वेळी या. दुसऱ्या दिवशी निळं वर्तुळ जागेवर, आतली कातडी स्वच्छ, आणि वर्तुळाबाहेर चार नव्या गांधी. चोवीस तासांत अशी विरून जाते ती या आजारातली गांध. ती टिकून राहिली, दुखली, डाग ठेवून गेली, तर रक्तवाहिन्यांचा दाह आहे का ते शोधावं लागतं.

या बाईंना एका मोठ्या रुग्णालयात ओमॅलिझुमॅबची दोन इंजेक्शनं दिली होती. 300 मिलिग्रॅमचं एक, चार आठवड्यांनी दुसरं. पतपेढीचं कर्ज काढून. फरक पडला नाही, तेव्हा 'तुम्हाला लागू पडत नाही' म्हणून वाटेला लावलं. पहिल्या इंजेक्शनाआधी रक्तातलं एकूण आयजीई, म्हणजे ॲलर्जीशी संबंधित अँटिबॉडी, कुणीही मोजलं नव्हतं! नंतर नुसतं मोजून उपयोग नसतो. हे औषध आयजीईला चिकटतं, ती जोडगोळी रक्तात रेंगाळते आणि आकडा कित्येक महिने फुगलेला दिसतो. इतक्या महागड्या औषधाआधी एक साधी रक्ततपासणी करायची राहून जाते, याचा मला आजही संताप येतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत. मुद्द्याचं भरभर सांगते.

आधी सात दिवस वही लिहा, पण पदार्थांची नाही. रोज गांधींना 0 ते 3 आणि खाजेला 0 ते 3 गुण. आठवड्याला जास्तीत जास्त 42. पहिलं औषध म्हणजे झोप न आणणारी अँटीहिस्टामिनची गोळी. ती पुरली नाही तर डॉक्टरांच्या देखरेखीत चौपटीपर्यंत वाढवतात. सुरुवातीलाच गुण खूप असतील, रक्तातले सीआरपी (दाह दाखवणारा) आणि डी-डायमर (रक्त गोठण्याशी संबंधित) हे आकडे वाढलेले असतील, तर नुसत्या गोळीवर भागण्याची शक्यता कमी.

पुढची पायरी ओमॅलिझुमॅब. आयजीई फार कमी, थायरॉइडविरोधी अँटिबॉडी म्हणजे अँटी-टीपीओ जास्त, आणि रुग्णाचाच सीरम, म्हणजे रक्तातला पेशींविना द्रव, त्वचेत टोचल्यावर गांध उठते, अशा रुग्णात हे औषध उशिरा लागू पडतं किंवा पडतच नाही. अशांपैकी अनेकांना सायक्लोस्पोरिन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, चांगलं लागू पडतं. आयजीई जास्त असेल तर बहुधा गुण येतो, मात्र औषध थांबवल्यावर गांधीही लवकर परततात. आधीचा आकडा हाती असला तर पहिल्या इंजेक्शनानंतर चार आठवड्यांनी पुन्हा मोजता येतं. तो दुपटीच्या वर गेला तर आशा धरायला जागा असते. आपल्याकडे जंतांमुळेही आयजीई चढतं, म्हणून चढलेल्या आकड्यापेक्षा मी उतरलेल्या आकड्यावर जास्त विसंबते. कुठलीही एक तपासणी छातीठोक उत्तर देत नाही. दोन-तीन एकत्र वाचाव्या लागतात.

त्या बाईंच्या पिशवीत तळाशी एक जुना कागद सापडला. कधीतरी केलेल्या 'ॲलर्जी पॅकेज'चा, इंजेक्शनांच्या आधीचा. त्यात आयजीई अगदी तळाला. अँटी-टीपीओ मी करून घेतलं, ते भरपूर वाढलेलं. तरी इंजेक्शन मी लगेच सोडलं नाही, कारण अशा काहींना सहा महिन्यांपर्यंत वाट बघून गुण येतो. त्यांना नाही आला. वहीतले आठवड्याचे गुण 30च्या खाली उतरेनात, तेव्हा रक्तदाब आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनवर लक्ष ठेवून सायक्लोस्पोरिन सुरू केलं. पाचव्या आठवड्यात वहीत सलग चार दिवस शून्य होतं, आणि त्याखाली त्यांनी लिहिलं होतं, "आज भरलं वांगं खाल्लं."