डिसेंबरचा खेळाडू मार्चमध्येच

लॉस एंजेलिस, 10 डिसेंबर 2017. अमेरिकन फुटबॉलमधल्या फिलाडेल्फिया ईगल्सचा क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ स्वतःच चेंडू घेऊन गोलरेषेवर झेप घेतो आणि प्रतिस्पर्धी रॅम्स संघाच्या खेळाडूंच्या कचाट्यात सापडतो. चेंडू रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण, म्हणजे टचडाउन, पेनल्टीमुळे रद्द होतात. वेंट्झ उठतो. गुडघा साथ देत नसतानाही आणखी चार चाली खेळतो, चौथ्या चालीत टचडाउनचा पास देतो आणि मगच बाहेर जातो.

डाव्या गुडघ्यातला लिगामेंट फाटला आहे. हंगाम संपला.

या खेळात आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होते. वेंट्झने त्या हंगामात 33 टचडाउन पास दिले होते. हा सामना जिंकून ईगल्सनी 13 पैकी 11 सामने खिशात घातले, पण त्या संध्याकाळी जिंकल्यासारखं कुणालाच वाटलं नाही.

आता नवा क्वार्टरबॅक आणायचा कुठून? डिसेंबरात तो मिळत नाही. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत कधीच उलटलेली असते आणि मोकळे असलेले खेळाडू बहुतेक कुणालाच नको असलेले असतात. म्हणून या गोष्टीतला महत्त्वाचा महिना डिसेंबर नाही, मार्च आहे.

मार्च 2017. संघबांधणीची सूत्रं हावी रोझमन यांच्याकडे. संघात जागा 53, आणि पगारावर लीगने घातलेली मर्यादा 16 कोटी 70 लाख डॉलर. सगळं सुरळीत चाललं तर जो हंगामभर बाकावरच बसणार, त्याच्यावर किती पैसा लावायचा? अनेक संघ इथेच हात आखडता घेतात. ईगल्सनी राखीव क्वार्टरबॅक म्हणून निक फोल्सशी दोन वर्षांचा 1 कोटी 10 लाख डॉलरचा करार केला.

फोल्स घरचाच होता. 2012 मध्ये ईगल्सनीच त्याला निवडलं, तेव्हा डग पीडरसन संघाचे क्वार्टरबॅक प्रशिक्षक होते. 2013 मध्ये त्याने 27 टचडाउन पास दिले, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेले फक्त 2. पुढे संघ बदलले, खेळ घसरला, 2016 मध्ये तर तो निवृत्तीच्या विचारात होता. पण आता पीडरसन मुख्य प्रशिक्षक होते आणि त्यांची स्वतःची बहुतेक कारकीर्द राखीव क्वार्टरबॅक म्हणून गेली होती. बाकावरच्या माणसाला काय लागतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

वेंट्झच्या जागी फोल्स उतरला, पण बाद फेरीआधीचा शेवटचा सामना धडकी भरवणारा होता. 31 डिसेंबरला डॅलसविरुद्ध ईगल्सना एकही गुण मिळाला नाही. मग प्रशिक्षकांनी खरं काम केलं. फोल्सला वेंट्झसारखं खेळायला लावण्याऐवजी त्यांनी फोल्सच्या सवयीच्या चाली वाढवल्या: समोरच्या एका बचावपटूची हालचाल बघायची आणि क्षणात ठरवायचं, चेंडू धावणाऱ्याच्या हातात द्यायचा की झटपट पास टाकायचा. बाद फेरीत अटलांटाला 15-10 असं जेमतेम हरवलं. पुढच्याच आठवड्यात मिनेसोटा वायकिंग्सचा 38-7 असा धुव्वा उडवला.

वायकिंग्सचा संबंध जुना आहे. 2016 च्या हंगामाच्या तोंडावर त्यांचा क्वार्टरबॅक टेडी ब्रिजवॉटर जायबंदी झाला. ऐनवेळी त्यांनी ईगल्सकडून क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्डला घेतलं आणि त्या बदल्यात नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली आपली पहिल्या फेरीची संधी देऊन टाकली. त्या संधीवर ईगल्सनी डेरेक बार्नेटला आणलं.

4 फेब्रुवारी 2018, सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध. मध्यांतराला 38 सेकंद उरलेत, गोलरेषा एका यार्डावर, शेवटची संधी. फोल्स सीमारेषेपाशी येऊन पीडरसनना एक चाल सुचवतो. ते क्षणभर थांबतात आणि होकार देतात. चेंडू दोन हातांतून फिरतो, तिसऱ्याकडून हवेत जातो आणि झेल घेतो खुद्द फोल्स! अखेरच्या मिनिटांत पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या हातून चेंडू उडवला जातो. तो अलगद पकडणारा खेळाडू असतो डेरेक बार्नेट. ईगल्स 41, पेट्रियट्स 33.

फोल्स 2019 मध्ये जॅक्सनव्हिलला गेला. 5 जानेवारी 2020 ला, सिएटलविरुद्धच्या बाद फेरीत, वेंट्झच्या डोक्याला मार बसला. त्याच्या जागी उतरला 40 वर्षांचा जॉश मकाउन, निवृत्ती मागे घेऊन आलेला. ईगल्स 17-9 असे हरले.