नाव नसलेले रिव्हॉल्व्हर ओळखायचे कसे?

नमस्कार. अमेरिकेतल्या एखाद्या घरी, आजोबांच्या लाकडी पेटीत, तेलकट फडक्यात गुंडाळलेले एक रिव्हॉल्व्हर सापडले आहे अशी कल्पना करा. रूप कोल्ट या अमेरिकी कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरसारखे, पण नळीवर कंपनीचे नाव नाही, वरवर पाहता अनुक्रमांक दिसत नाही आणि सिलिंडरमध्ये काडतुसांची घरे सहाऐवजी पाच. घरातली माणसे साहजिकच विचारतात, ‘हे कोणी बनवले?’ माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा असतो. आधी शोधायचे ते हे की, ते कशापासून बनवले. कारण हाताने घडवून घेतलेले रिव्हॉल्व्हर बहुतेक वेळा कोऱ्या पोलादातून कोरलेले नसते, तर एखाद्या कारखान्याची फ्रेम, म्हणजे मुख्य सांगाडा, घेऊन तिच्यावर कारागिराने आपले काम केलेले असते.

जुन्या कोल्टच्या या रचनेला ‘सिंगल ॲक्शन’ म्हणतात. ती म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. यात चाप ओढल्याने घोडा फक्त सुटतो. तो मागे चढवण्याचे आणि त्याबरोबर सिलिंडर फिरवण्याचे काम प्रत्येक वेळी अंगठ्याने करावे लागते. या घराण्याचे मूळ म्हणजे कोल्टचे सिंगल ॲक्शन आर्मी, जे अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये स्वीकारले. पुढची बहुतेक सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरे याच्या नकला तरी आहेत किंवा दुरुस्त्या तरी, आणि म्हणूनच त्यांच्यातले लहान लहान फरक फार बोलके ठरतात.

पाहणीआधी एक काम. नळी सुरक्षित दिशेला ठेवून, बाजूचे झाकण उघडून, पाचही घरे एकेक करून डोळ्यांनी तपासा. पेटीत पन्नास वर्षे पडून राहिलेले काडतूसही उडू शकते. हे ज्याला जमत नसेल त्याने रिव्हॉल्व्हर जाणकार बंदूक कारागिराकडे न्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

आता मुठीच्या लाकडी पट्ट्या काढू या आणि रिव्हॉल्व्हर उलटे करू या. कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांवर कंपनीचे नाव व पत्ता नळीच्या वरच्या बाजूस असे, तर अनुक्रमांक खालच्या अंगाला, फ्रेमवर, चापाच्या कड्यावर आणि मुठीच्या मागच्या पट्टीवर, असा तीन ठिकाणी ठोकलेला असे. याचा अर्थ फार साधा आहे: कोणी नळी बदलून घेतली, तर कंपनीचे नाव जुन्या नळीबरोबर निघून जाते आणि क्रमांक मात्र खाली तसाच राहतो. ‘अनामिक’ म्हणून समोर येणाऱ्या अनेक रिव्हॉल्व्हरांचे रहस्य इथेच संपते. तीन ठिकाणचे क्रमांक जुळत नसतील, तर सुटे भाग वेगवेगळ्या रिव्हॉल्व्हरांतून आले आहेत, हेही इथेच कळते. इटलीच्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया गावात बनलेल्या कोल्टच्या प्रतिकृतींवर सरकारी चाचणीचे ठसे असतात आणि त्यांच्याजवळ वर्षाची खूण असते. १९४५ पासून १९७४ पर्यंत ती रोमन आकड्यांत, म्हणजे १९७४ साठी तीन एक्स, आणि १९७५ पासून एए, एबी अशा अक्षरांच्या जोड्यांत दिली जाई. पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांडीचे आवरण नळीला चिकटून असते. त्याच्या आडोशालाही असे ठसे सापडतात, म्हणून तिथे पाहिल्याशिवाय ‘काहीच खूण नाही’ असे म्हणू नये.

समजा, खरोखरच काहीही सापडले नाही. मग कोरी जागा नीट पाहा. जिथे ठसा घासून काढलेला असतो तिथे पृष्ठभाग किंचित खोलगट होतो, कडांची धार जाते आणि स्क्रूच्या भोकांचे काठ गोलावतात. उजेड तिरका टाकला की ही खोल जागा लगेच दिसते. सरसकट जास्त पॉलिश करणारा हात संपूर्ण फ्रेमवर अशा खुणा ठेवतो. मुद्दाम क्रमांक पुसणारा हात बहुधा एकाच जागी. हा भेद केवळ हौसेचा नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार क्रमांक पुसलेले शस्त्र जाणूनबुजून बाळगणे गुन्हा आहे. दुसरीकडे, १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने अनुक्रमांकाची सक्ती परवानाधारक उत्पादकांवर आणि आयातदारांवर केली. स्वतःच्या वापरासाठी स्वतः शस्त्र बनवणाऱ्या व्यक्तीवर ती केली नाही, जरी काही राज्यांनी पुढे तसे नियम केले. म्हणजे मुळातच क्रमांक नसणे आणि क्रमांक नाहीसा केलेला असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा संशय आला तर पाहणी थांबवून आधी वकील गाठावा. भारतातल्या प्रेक्षकांसाठी एवढेच सांगतो की, आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ८ ओळखचिन्ह पुसण्यास तर मनाई करतेच, शिवाय ओळखचिन्ह नसलेले शस्त्र विकण्यास किंवा हस्तांतरित करण्यासही करते.

पण क्रमांक मुळात होता की नव्हता, हे ठरवायला फ्रेम कोणाची आहे हे कळावे लागते, आणि ते यंत्रणा सांगते. रिकामे रिव्हॉल्व्हर कानाजवळ धरा आणि घोडा सावकाश मागे घ्या. कोल्टच्या मूळ रचनेत चार खटके ऐकू येतात: सुरक्षेची खाच, अर्धी चढ, सिलिंडर अडवणाऱ्या खिटीचे सिलिंडरवर पडणे आणि पूर्ण चढ. काडतुसे भरण्यासाठी घोडा अर्ध्या चढीवर आणावा लागतो. रुगर कंपनीने १९७३ मध्ये आणलेल्या नव्या रचनेत ही अर्धी चढ नाही. घोडा खाली असतानाच बाजूचे झाकण उघडले की सिलिंडर मोकळे फिरू लागते. रुगरची त्याआधीची मॉडेले फ्रेमच्या बाजूच्या तीन स्क्रूंवरून ओळखतात, नव्या रचनेत त्यांच्या जागी दोन पिना आल्या. अर्थात एवढ्यावरून निकाल देऊ नये, कारण कोल्टच्या फ्रेमलाही बाजूला तीन स्क्रू असतात. तेव्हा आत डोकवावे. कोल्टच्या घोड्यामागे पात्याची सपाट स्प्रिंग आणि घोड्याच्या तोंडावरच बसवलेली टोकदार पिन असते. रुगरमध्ये वेटोळ्याची स्प्रिंग आणि फ्रेममध्ये स्वतंत्र बसवलेली पिन. कोल्टच्या मुठीची चौकट दोन तुकड्यांची, रुगरची एकसंध.

आता निष्कर्षाला वळण मिळते. कोल्ट काय किंवा रुगर काय, दोघांनीही आपली रिव्हॉल्व्हरे क्रमांक घालूनच विकली. त्यामुळे यंत्रणा आणि मापे नेमकी कारखान्याची निघाली आणि क्रमांक मात्र कुठेच नसला, तर तो कोरेपणा निरागस मानता येत नाही. याउलट मापे कोणत्याच कारखान्याशी जुळत नसतील, आतल्या कोपऱ्यांत कानशीच्या रेघा असतील, स्क्रूंचे आटे एका ठिकाणी एका पद्धतीचे तर दुसरीकडे दुसऱ्याच पद्धतीचे असतील, तर फ्रेमही कोणीतरी स्वतः घडवली असण्याची शक्यता पुढे येते.

नळीची चौकशी स्वतंत्र करावी, कारण नळी दुसरीकडची असू शकते. आतल्या चऱ्यांचा, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचा, पीळ कोल्टच्या नळीत डावीकडे वळतो, रुगरच्या नळीत उजवीकडे. मला स्वतःला ही खूण सर्वांत आवडते, कारण ती पॉलिशने पुसता येत नाही. पॉइंट ४५ कोल्ट या काडतुसाच्या नळीत चऱ्यांच्या तळाशी मोजलेला व्यास दुसऱ्या महायुद्धापूर्वी साधारण ०.४५४ इंच असे, नंतर तो ०.४५१ ते ०.४५२ इंचावर आला. नळी उतरवलीच, तर आटे मोजावेत: कोल्टच्या पहिल्या दोन पिढ्यांत इंचाला २०, आणि १९७६ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या पिढीत २४. मात्र नळी उतरवणे हे योग्य शिकंज्याचे आणि अनुभवी हाताचे काम आहे. घरच्या पान्याने फ्रेम कायमची पिळवटते. कोणते काडतूस चालते, हे मात्र अंदाजाने, म्हणजे एखादे घालून पाहून, कधीच ठरवू नये. त्यासाठी सेरोसेफ नावाचा, गरम पाण्याच्या तापमानालाच वितळणारा मिश्रधातू सिलिंडरच्या घरात ओतून साचा काढतात. तो आधी थोडा आकसतो, मग फुगतो आणि सुमारे तासाभराने घराच्या मूळ मापाला येतो. मोजायचा तो तेव्हा.

शेवटी त्या पाच घरांकडे येऊ. ही खूण सर्वांत मोलाची आहे, आणि तिच्यामागे सरळ भूमिती आहे. सिलिंडर अडवणारी खिटी खालून वर येते, तर बार उडणारे घर सर्वांत वर असते. सहा घरे असली की वरच्या घराच्या बरोबर समोर, खाली, आणखी एक घर येते. म्हणजे खिटीची खाच घराच्या पाठीवर, जिथे भिंत आधीच पातळ असते नेमकी तिथे, कोरावी लागते. पाच घरे केली की खाली दोन घरांमधला जाड भाग येतो आणि खाच तिथे पडते. जास्त दाबाच्या काडतुसांसाठी पाच घरे करतात त्याचे एक मोठे कारण हे. पण मग सिलिंडर प्रत्येक वेळी ६० अंशांऐवजी ७२ अंश फिरावे लागते, सिलिंडरच्या मागचे दाते नव्याने कापावे लागतात आणि त्यांना ढकलणारी पट्टीही बदलावी लागते. अमेरिकी बंदूक कारागीर डिक कॅसल यांनी १९५० च्या दशकात पॉइंट ४५४ काडतुसासाठी पाच घरांची वाट धरली, आणि वायोमिंगमधल्या फ्रीडम आर्म्सने १९८३ पासून तशी रिव्हॉल्व्हरे विकली. दुसरे कारागीर जॉन लाइनबॉ यांनी १९८० च्या दशकात पॉइंट ५०० साठी रुगरच्या फ्रेमवर तशीच सिलिंडरे बसवली. तेव्हा पाच दाते स्वच्छ कापलेले असतील आणि पूर्ण चढीवर सिलिंडर जराही हलत नसेल, तर काम सराईत कारागिराचे आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

त्या कारागिराचे नाव मात्र पोलाद सांगत नाही, आणि कित्येकदा नाव एक नसतेही. बंदुकांवर लिहिणारे अमेरिकी लेखक एल्मर कीथ यांचे ‘नंबर फाइव्ह’ हे १९२० च्या दशकाअखेरचे रिव्हॉल्व्हर प्रसिद्ध आहे. कोल्टची फ्रेम, पॉइंट ४४ स्पेशल काडतूस, मूठ दोन वेगळ्या कोल्ट मॉडेलांच्या भागांची, आणि सेज्ली, हाउचिन्स, ओमीरा अशा निरनिराळ्या कारागिरांचे हात. त्यातले कोणते काम कोणाचे हे आज सांगता येते, ते १९२९ मध्ये कीथ यांनी ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकात त्याबद्दल लिहून ठेवले म्हणून. म्हणून आपल्या पेटीतल्या रिव्हॉल्व्हरच्या नोंदीत फ्रेम, नळी आणि सिलिंडर यांचे मूळ वेगवेगळ्या ओळींत लिहा, प्रत्येकापुढे कशावरून ठरवले ते लिहा, आणि कारागिराची ओळ रिकामी ठेवा. फडके काढून टाकण्याआधी पेटीचा तळ मात्र पाहा. कामाची पावती, पत्र किंवा नळीच्या मापांची चिठ्ठी असलीच, तर ती तिथे असेल.