तिकीट नसलेली टेकडी

नमस्कार मंडळी,

आपल्यातले बरेच जण भंडारा-गोंदियाकडचे, काही उमरेड-भिवापूरचे. म्हणून इथल्या आपल्या मंडळाच्या गणपतीच्या हिशोबाला बसण्याआधी मला आज पवनीबद्दल, भंडारा जिल्ह्यातल्या वैनगंगेकाठच्या त्या जुन्या गावाबद्दल बोलायचं आहे.

बाबा सध्या आमच्याकडे आहेत. त्यांना घेऊन आम्ही इथे इंग्लंडमध्ये, यॉर्कशरमधल्या फाउंटन्स ॲबीला गेलो. 1132 मध्ये 13 ख्रिस्ती साधूंनी वसवलेला हा मठ 1539 मध्ये आठव्या हेन्रीच्या राज्यात बंद पडला. छप्पर गेलं, भिंती राहिल्या. कोठाराच्या लांबच लांब कमानींखाली बाबा कितीतरी वेळ उभे होते. पण धानाच्या बांध्यांत आयुष्य गेलेला माणूस, त्यांचा जीव खरा रमला तो पुढच्या बागेत. अठराव्या शतकात जॉन एझलबी यांनी स्केल नदीचं पाणी अडवून, वळवून तळ्यांतून आणि कालव्यातून खेळवलं आहे. पाणी कुठून येतं, कुठे सांडतं, हे बाबांनी काठाकाठाने चालत जाऊन पाहिलं. म्हणाले, "हे त आपल्या मामा तलावावानी हाये." मामा तलाव म्हणजे आपल्याकडचे जुने माजी मालगुजारी तलाव.

मग हिरवळीवर डबे उघडले. जवसाची चटणी वाढता वाढता बाबा नातीला पवनीच्या जगन्नाथ टेकडीबद्दल सांगू लागले. तिने विचारलं, "आबाजी, तिथलं तिकीट किती?"

"तिकीट नाही बेटा. कोनीबी जाते."

"मग तिची काळजी कोण घेतं?"

बाबा गप्प झाले. मीही.

मंडळी, त्या टेकडीच्या पोटात स्तूप आहे. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे उत्खनन केलं. स्तूपाच्या दगडी खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं निघाली. एका उपासिकेने तर दान देताना सगळे जीव सुखी होवोत, असंही कोरवून घेतलं आहे. काळजी कोण घेतं, याचं उत्तर दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेकाठच्या साध्या माणसांनी दगडात लिहून ठेवलेलं आहे. आपल्या गावची बाई होती ती!

इथल्या लोकांना जपणूक उपजतच येते, असं आपण फार पटकन म्हणतो. ते खरं नाही. ॲबीच्या शेजारचा फाउंटन्स हॉल 1600 च्या सुमाराला बांधला, तो ॲबीचेच दगड वापरून. आमच्याकडे जुन्या कोठ्यांच्या पायात रुंद जुन्या विटा दिसतात, तसंच हे. जपणं इथेही उशिराच आलं. आज हे सगळं नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. सभासदांच्या वर्गणीवर आणि वेळ देणाऱ्या माणसांवर ते चालतं. आपल्यातल्या कितीतरी घरांत ते सभासद-कार्ड आहे.

आणि आपण डिसेंबरात नागपूरला उतरतो तेव्हा? लग्नं, साड्या, दातांचा डॉक्टर, संत्रा बर्फी. मुलांना मामाच्या घरून काकाच्या घरी नेतो. उमरेड, भिवापूर करत पवनीला जाऊन यायला एक दिवस पुरतो. तट, खंदक, घाट, टेकडी, सगळं आहे. तो एक दिवस आपण ठेवत नाही. मुलं म्हणतात विदर्भात बघायला काही नाही, आणि आपण मान डोलावतो. हे मला आता सहन होत नाही. यंदा जे जाणार आहेत त्यांनी मुलांना तिथे न्यावं, आणि गावातल्या जाणत्या माणसाला सोबत घ्यावं. कुठली टेकडी कुठली, हे बोट दाखवून सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत.

वर्गणीतून पवनीसाठी काही रक्कम बाजूला काढावी, असं कार्यकारिणीत काही जण म्हणाले. कल्पना चांगली आहे, माझा हात वर आहे. पण ती द्यायची कुणाला, कुठल्या कामासाठी, हे अजून आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. आणि मला त्याहून मोठी भीती वेगळीच वाटते: पैसे पाठवले की आपलं काम झालं असं वाटून, आज जे थोडे लोक तिकडे जातात, तेही जायचे थांबतील का?