दहा अंशांचे पाणी

(दृश्य: मार्चचा तिसरा आठवडा, सकाळचे दहा. पांढऱ्या सालीचे निष्पर्ण सिकॅमोर वृक्ष, खाली गोट्यांचे रुंद पात्र आणि त्यातून वाहणारे हिरवट, नितळ पाणी.)

‘क्रीक’ हा शब्द कानावर पडला, की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे ठाण्याची किंवा वसईची खाडी, तिथली भरती-ओहोटी आणि चिखलातली तिवरे उभी राहतात. अमेरिकेत मात्र क्रीक म्हणजे ओढा किंवा लहानशी नदी, आणि आज आपण जिच्या काठी उभे आहोत तिच्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. आर्कन्सॉ राज्याच्या उत्तरेकडचा हा ओझार्क पठाराचा भाग. इथली ‘क्रुकेड क्रीक’, म्हणजे सरळ मराठीत वाकडी नदी, हॅरिसन गावाच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांत उगम पावते, हॅरिसन, पायट आणि यलव्हिल या गावांजवळून नावाला जागत वळणे घेत पूर्वेकडे जाते आणि कॉटर गावाच्या खालच्या अंगाला व्हाइट नदीला मिळते. बऱ्याच ठिकाणी ती गुडघाभर खोल आहे, आणि जिथे ती कातळाला धडकून वळते तिथे मात्र पुरुषभर, क्वचित त्याहूनही खोल डोह आहेत. त्या डोहांत राहणारा एक मासा हा या चित्रफितीचा विषय आहे.

स्मॉलमाउथ बास हे त्याचे नाव आणि त्याला मराठी नाव नाही, कारण आपल्या पाण्यांत तो नाही. त्याचे तोंड तसे लहान नसते. पण त्याचाच भाऊबंद असलेल्या लार्जमाउथ बासचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो आणि याचा डोळ्याखालीच थांबतो, एवढ्यावरून हे नाव पडले. अंगाचा रंग न घासलेल्या काशाच्या वाटीसारखा, कुशीवर उभे गडद पट्टे आणि डोळे लालसर. फ्रेंच निसर्गअभ्यासक लासेपेद याने 1802 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा त्याच्या हाती आलेल्या नमुन्याचा पाठीवरचा पर मोडलेला होता, आणि त्या तुटक्या भागाला वेगळा छोटा पर समजून त्याने प्रजातीला ‘मायक्रोप्टेरस’, म्हणजे आखूड पराचा, असे नाव दिले. चूक पुढे लक्षात आली, नाव मात्र राहिले. नावाचा दुसरा भाग ‘डोलोमियू’ हा आदल्याच वर्षी निवर्तलेल्या एका फ्रेंच भूवैज्ञानिकाच्या स्मरणार्थ आहे, ज्याच्या नावावरून डोलोमाइट हा खडक ओळखला जातो. आपल्या पायांखालचा हा करडा कातळही चुनखडी आणि डोलोमाइटचाच आहे. मासा आणि त्याच्या घराचा दगड दोघेही एकाच माणसाचे नाव लावतात, हा योगायोग लासेपेदला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

(दृश्य: दोरीला बांधलेला तापमापक पाण्यात सोडला जातो.)

आमच्यासोबत आलेले गृहस्थ नोकरीनिमित्त बेंटनव्हिलला राहतात आणि मूळचे चिपळूणजवळचे आहेत. गळ टाकून मासे धरण्याला कोकणात ‘गरवणे’ म्हणतात आणि तोच शब्द ते इथेही वापरतात. काठावर येऊन बराच वेळ झाला, तरी त्यांनी काठी जोडलेली नाही. आधी तापमापक पाण्यात सोडून ते एका दगडावर बसले आहेत. पारा आठ अंश सेल्सिअसवर थांबतो. ‘‘अजून दोन तास गरवण्यात अर्थ नाही,’’ असे म्हणून ते डबा उघडतात.

या दोन तासांमागे माशाच्या शरीराचे साधे गणित आहे. मासा थंड रक्ताचा प्राणी असल्यामुळे त्याच्या अंगातली प्रत्येक क्रिया भोवतालच्या पाण्याच्या उबेवर चालते. चार-पाच अंशांच्या पाण्यात तो डोहाच्या तळाशी, दगडांच्या आडोशाला जवळजवळ निश्चल पडून राहतो आणि आठवडेच्या आठवडे फारसे काही न खाता काढतो. पाणी दहा अंशांच्या घरात आले की तो हलू लागतो, आणि पंधरा ते अठरा अंशांच्या दरम्यान त्याच्या विणीचा काळ येतो. फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचा जो काळ इथले लोक वसंताची सुरुवात मानतात, तो माशाच्या हिशेबी या दोन पायऱ्यांमधला जिना आहे, आणि तो जिना सरळ चढला जात नाही. तीन दिवस ऊन पडून पाणी दोन अंशांनी वर जावे आणि उत्तरेकडून आलेल्या थंड वाऱ्याने एका रात्रीत ती सगळी कमाई परत न्यावी, असे इथे दर आठवड्याला घडते. पहाटे पाणी सर्वांत थंड आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास सर्वांत उबदार असल्यामुळे उन्हाळ्यातल्या गरवणाऱ्यांचा पहाटे उठण्याचा नेम या दिवसांत कामाचा नाही. उशिरा उठणाऱ्याला फळ देणारा मासेमारीचा हा बहुधा एकमेव हंगाम असावा.

ओझार्कमध्ये या हिशेबाला आणखी एक पदर आहे. इथला खडक पाण्याने पोखरला जातो, त्यामुळे जमिनीखाली भेगा, विवरे आणि वाहत्या वाटा आहेत, आणि त्यांतून वर येणाऱ्या झऱ्यांचे पाणी बाराही महिने साधारण चौदा अंशांचे असते. ऑगस्टमध्ये हात घातला तर ते गार लागते आणि जानेवारीत त्याच झऱ्यावर वाफ दिसते. हिवाळ्यात स्मॉलमाउथ अशा झऱ्यांच्या आसपास जमतात, हे या भागातल्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. ज्याला झऱ्याची जागा माहीत असते तो ती दुसऱ्याला सांगत नाही. आमच्या गृहस्थांनीही एका वळणावर कॅमेरा बंद ठेवायला सांगितला.

(दृश्य: दुपारचा एक. पैलतीरावरच्या कातळावर ऊन. कातळाखाली गडद पाणी.)

पारा आता साडेनऊवर आहे. नदी इथे पूर्वेकडे वाहते, म्हणून उत्तरेकडचा काठ दक्षिणेच्या उन्हाला सामोरा आहे आणि त्याचा काळपट कातळ सकाळपासून तापतो आहे. डोहाच्या वरच्या तोंडाशी खळाळ आहे, तिथे धार जोरात पडते. वर्षाच्या या काळात मासा त्या धारेत उभा राहून शक्ती घालवत नाही. तो धारेच्या कडेला, जिथे वाहते पाणी आणि संथ पाणी यांच्यामध्ये एक बारीक शिवण दिसते, त्या शिवणीच्या आतल्या बाजूला आणि तळाजवळ असतो. आमच्या गृहस्थांनी आयताकृती मोठ्या धोंड्याकडे बोट दाखवले. धोंडा अर्धा उन्हात, अर्धा पाण्यात होता आणि त्याच्या खालच्या बाजूला साचलेली पाने सावकाश गोल फिरत होती.

(दृश्य: हाताचा तळवा, त्यावर जिग. अगदी जवळून.)

जिग म्हणतात त्या या आमिषाची रचना अशी आहे. गळाच्या मानेवर हरभऱ्याएवढी शिशाची गोळी, वजन साडेतीन ग्रॅम. गोळीमागे हरणाच्या शेपटीचे तपकिरी केस दोऱ्याने घट्ट बांधलेले, आणि मध्ये नारिंगी रंगाचे चार-पाच केस. कोरड्या हातावर ते दाढीच्या जुन्या ब्रशसारखे दिसते. पाण्यात बुडवल्यावर मात्र केस फुलतात, मिटतात, आणि दोरा अजिबात न हलवताही ते जिवंत वाटू लागते. थंड पाण्यात याचेच महत्त्व असते, कारण मंदावलेला मासा पळत्या भक्ष्याचा पाठलाग करत नाही. नकल आहे ती क्रेफिशची. शेवंडीच्या जातीचा, गोड्या पाण्यात राहणारा, बोटाएवढा हा प्राणी स्मॉलमाउथचे आवडते खाद्य आहे आणि पाणी तापू लागले की तोही गोट्यांखालून बाहेर पडतो. काठी साडेसहा फुटांची आणि हलकी, दोरा बारीक, कारण नितळ पाण्यात जाड दोरा माशाच्या नजरेत भरतो.

फेक धोंड्याच्या वरच्या बाजूला गेली. जिग तळाला टेकेपर्यंत गृहस्थांनी मनात आकडे मोजले आणि मग काठीचे टोक वीतभर उचलून पुन्हा खाली आणले. एवढेच. पुन्हा थांबणे, पुन्हा वीतभर. एका फेकीला मिनिटभर सहज लागते, आणि पाहणाऱ्याला यात काही चालले आहे असे वाटतही नाही. पहिला मासा तसाच निसटला: दोरा पाण्यात शिरतो तिथे तो बोटभर बाजूला सरकला, गृहस्थ आम्हाला काहीतरी समजावून सांगत होते, आणि त्यांनी काठी उचलेपर्यंत जिग थुंकून टाकलेला होता. उन्हाळ्यात हाच मासा हिसका देऊन काठी वाकवतो. मार्चमध्ये त्याचे तोंड लावणे म्हणजे ओले पान अडकल्यासारखा केवळ जडपणा असतो. चुकलेल्या माशाचा दोष आमच्या प्रश्नांचा होता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

दुसरा आला तो पावणेतीन वाजता. आधी तोच जडपणा, मग दोन क्षण काहीच नाही, आणि त्यानंतर तो खोलात असा घुसला की फिरकी करकरू लागली. पाणी थंड असल्यामुळे त्याने उडी मारली नाही, पण धोंड्याखाली शिरण्याचा प्रयत्न तीनदा केला. काठाशी आल्यावर गृहस्थांनी आधी आपले हात पाण्यात बुडवले, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि मग अंगठ्याने खालचा ओठ धरला. या माशाचे दात खरखरीत कागदासारखे असतात, ते बोट कापत नाहीत. लांबी भरली अडतीस सेंटिमीटर. या थंड, फारशा सुपीक नसलेल्या पाण्यांत तीस सेंटिमीटर व्हायलाच चार-पाच वर्षे लागतात, तेव्हा हा सहा-सात वर्षांचा असणार. गळाच्या टोकाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून ठेवलेला असल्यामुळे गळ सहज सुटला. मासा हातात क्षणभर कल्ले हलवत राहिला आणि मग दिसेनासा झाला.

त्याला सोडून देण्यामागे भूतदया आहे, पण तेवढीच नाही. आणखी महिन्याभराने पाणी पंधरा अंशांच्या पुढे गेले की नर उथळ जागी शेपटीने गाळ झाडून गोट्यांचे अर्धा-पाऊण मीटरचे गोल घरटे करतो. मादी तिथे आपल्या आकारमानानुसार काही हजार अंडी घालते आणि निघून जाते. त्यानंतर अंडी फुटेपर्यंत आणि पुढे पिले पांगेपर्यंत राखण एकटा नर करतो. त्या काळात त्याला गळाने उचलून नेले, तर सनफिशसारखे लहान मासे आणि तेच क्रेफिश, ज्यांच्यावर तो वर्षभर ताव मारतो, घटकाभरात घरटे रिकामे करतात. पुराने घरटी वाहून गेली तर तो पुन्हा नवे करतो; नरच गेला तर काही उरत नाही.

पुराचा उल्लेख आला म्हणून पाण्याविषयी. यलव्हिलजवळ अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे मापक आहे आणि त्याचे आकडे कोणालाही घरबसल्या पाहता येतात, तेही आपल्या ओळखीच्या क्युसेकमध्ये. खडकवासल्यातून किती विसर्ग सुटला हे ऐकत पावसाळा काढणाऱ्या पुणेकराला ते वाचायला शिकवावे लागणार नाही. वसंतातल्या एका वादळी पावसाने ही नदी काही तासांत पात्राबाहेर जाते, आणि कोरड्या उन्हाळ्यात यलव्हिलच्या परिसरातले काही पट्टे खडकातल्या भेगांत अक्षरशः मुरून जातात. याशिवाय पात्रातल्या गोट्यांच्या उपशाने तिला बरेच सोसावे लागले, आणि त्यावरून इथे वादही झडले. वाळूउपशाची कथा महाराष्ट्राला नवीन नसल्यामुळे ती लांबवत नाही.

(दृश्य: दुसरा दिवस. होडीतून दिसणारा संगम. डावीकडून येणारी अरुंद क्रुकेड क्रीक, समोर रुंद व्हाइट नदी, तिच्यावर धुक्याचा पातळ थर.)

व्हाइट नदी ही एकेकाळी या माशाची मोठी नदी होती. लांब, सपाट तळाच्या लाकडी होड्यांतून लोक दिवसचे दिवस तिच्या प्रवाहासोबत गरवत जात, रात्री वाळूवर तंबू ठोकत आणि खालच्या गावाहून होड्या रेल्वेत घालून परत आणत. मग वरच्या अंगाला बुल शोल्स धरण आले. 1951 मध्ये ते पूर्ण झाले. धरणाचे पाणी जलाशयाच्या खोलीतून, जिथे ऊन पोहोचत नाही अशा थरातून सोडले जाते, म्हणून भर जुलैतही ते थंडगार असते. त्या पाण्यात विणीचे पंधरा अंश वेळेवर येत नाहीत, आणि स्मॉलमाउथने या पट्ट्यातून काढता पाय घेतला. त्याच्या जागी प्रशांत किनाऱ्याकडचा रेनबो ट्राउट आणि युरोपातला ब्राउन ट्राउट सोडण्यात आला, तो उत्तम वाढला, आणि कॉटर आज स्वतःला ट्राउटची राजधानी म्हणवते. या गावाचे त्यावर पोट चालते, आणि ट्राउट धरणाऱ्यांना तक्रारीचे कारण नाही. तरी नदीच्या एका लांब तुकड्याचा ऋतूच काढून घेतला गेला, ही गोष्ट होडीत बसून हात पाण्यात घातल्यावर जशी कळते तशी ती आकड्यांतून कळत नाही.

गृहस्थांनी तापमापक दोन्हीकडे सोडला. दुपारचे दोन वाजले होते. क्रीकमध्ये पारा साडेअकरा दाखवत होता. होडी मुख्य प्रवाहात पन्नासेक वल्ही पुढे नेल्यावर तो आठच्या थोडा खाली आला. पलीकडे तीन होड्यांतले लोक ट्राउटसाठी दोरे सोडून बसले होते, त्यांनी हात केला, आम्हीही केला. मग आमच्या गृहस्थांनी होडीचे तोंड क्रीककडे वळवले. वरच्या पहिल्या वळणावर उत्तरेच्या काठाला कातळ होता आणि त्यावर अजून दोन तासांचे ऊन शिल्लक होते.