नोटीस, छज्जा आणि गंजलेला गज

[सकाळ. धुळ्याचा पाच कंदील परिसर, शटर बंद. कॅमेरा रस्त्यावरून हळूहळू वर.]

दुकानं उघडली की या रस्त्यावर मान वर करायला कुणाला फुरसत नसते. शटरवरची पाटी दिसते, पाटीवरचा छज्जा दिसत नाही. आत्ता गर्दी नाही, तेवढ्यात बघून घेऊ.

धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांना नावापेक्षा नंबरच जास्त. घरं एकमेकांना चिकटून, बाजूच्या भिंती झाकलेल्या. ऊन-पाऊस झेलायला उरते ती फक्त रस्त्याकडची भिंत, आणि तिच्यातून जे सुटतं ते रस्त्यावरच येतं.

[भिंतीवर चिकटवलेली नोटीस.]

ही महापालिकेची नोटीस. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, कलम २६४. पडायला आलेला भाग उतरवा, टेकू द्या किंवा दुरुस्त करा, असं मालकाला किंवा भोगवटादाराला लेखी सांगण्याचा हा अधिकार. जुन्या वाड्यांच्या नोटिशीवर बऱ्याचदा आजोबांचंच नाव असतं, कारण मिळकत पत्रिकेवर वारसांची नोंद कुणी केलेलीच नसते. ‘आमच्या नावाची नाही’ म्हणून ती फाडून टाकणं हा सगळ्यात महागडा मार्ग.

मुदतीच्या आत लेखी उत्तर द्यायचं. सोबत अभियंत्याच्या नेमणुकीचं पत्र आणि तारीख दिसेल असे फोटो जोडायचे. मुदतवाढ हवी असेल तर त्याच अर्जात मागायची, आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. इमारत वापरात येऊन ३० वर्षं झाली असतील, तर कलम २६५ अ खाली महापालिकेकडे नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतंच. ते न दिल्यास दंड २५ हजार रुपये किंवा वर्षाचा मालमत्ता कर, यांतला जो जास्त असेल तो.

[हातोडी. टक, टक, टक... ठप्प.]

हा आवाज ऐका. टक टक म्हणजे प्लास्टर धरून आहे. ठप्प म्हणजे आत पोकळी. गवंडी म्हणतात, “ठोकीसन दख, भाऊ.” यंत्रं नंतर येतात, पहिली परीक्षा हीच. पोकळ जागेभोवती खडूची रेघ मारली की भिंतीचा नकाशा तयार होतो. या भिंतीवर खिडक्यांच्या खाली आणि पाइपाच्या कडेनं खडू जास्त आहे. पाणी कुठून येतं ते तिथंच कळतं.

[छज्ज्याची खालची बाजू. लोंबणारा गज.]

काँक्रीटमधला गज गंजला की गंजाची जागा मूळ लोखंडाच्या कितीतरी पट होते. तो फुगतो आणि वरचं आवरण ढकलून देतो. त्यामुळे खपली निघालेली दिसते तेव्हा गंज बराच जुना झालेला असतो. वरून सिमेंटचा हात फिरवला तर दोन पावसाळ्यांत तीच खपली जास्त जड होऊन खाली येते.

छज्ज्यात आणखी एक खोट असते, ती बाहेरून दिसत नाही. छज्जा भिंतीतून बाहेर लोंबतो, म्हणून त्याचा मुख्य गज वरच्या बाजूला हवा. काँक्रीट ओतताना मजूर त्याच जाळीवर उभे राहतात, जाळी तुडवली जाते आणि गज खाली बसतो. असा छज्जा केवळ सवयीनं उभा असतो. म्हणून तोडफोडीआधी खालून टेकू, मगच हातोडी. हा क्रम उलटला की छज्जा कामगारासकट खाली.

[ताज्या तोडलेल्या काँक्रीटवर फवारा. अर्धा भाग गुलाबी होतो.]

हे फिनॉल्फ्थॅलीन, क्षार आहे की नाही ते रंगानं दाखवणारं रसायन. चांगलं काँक्रीट गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं ज्याचा क्षार मारला, ते रंगच धरत नाही. गुलाबी रेघ गजाच्या मागे गेली असेल, तर गजाचं संरक्षण संपलेलं आहे. दोन मिनिटांची ही चाचणी रस्त्यावरच्या मालकाला तीस पानी अहवालापेक्षा लवकर पटते.

[खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग. तिच्यावर काचेची पट्टी.]

सगळ्याच भेगा प्लास्टरच्या नसतात. जाळीसारख्या बारीक भेगा म्हणजे सिमेंट जास्त झालं किंवा पाणी कमी मारलं. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग बहुतेक वेळा पायाची असते. खानदेशची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि उथळ पाया तिच्याबरोबर हलतो. भेगेवर आडवी काच प्लास्टरमध्ये बसवा, शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर भेग अजून चालते आहे. अशा भेगेत नुसता मसाला भरणं म्हणजे पैसे पुरणं.

[कठड्यातून उगवलेला पिंपळ.]

आणि हा भाडं न देणारा भाडेकरू. वरून छाटला की दुप्पट फुटतो. मुळाला ॲसिड घालणं तर त्याहून वाईट, कारण ते मुळाआधी चुना, सिमेंट आणि लोखंड खातं. प्लास्टर उघडून मूळ शेवटपर्यंत उकरून काढायचं आणि विटांचा सांधा १:३ मसाल्यानं, म्हणजे एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू, दाबून भरायचा. खोड मोठं असेल तर आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी.

[परांची. बांबू, हिरवी जाळी, खाली पत्र्याचा आडोसा.]

काम वरून खाली. आधी गच्ची: कोब्याचा उतार मोऱ्यांकडे, निदान १०० ला १, आणि कठड्याच्या बुडाशी गोलाई. पाणी वरून थांबलं नाही, तर खालची सगळी दुरुस्ती वाया. एसीच्या नळीचं पाणी छज्ज्यावर ठिबकत असेल तर ती नळी थेट पाइपात न्या. परांचीवरच्या माणसाचा सेफ्टी बेल्ट आतल्या खांबाला. ज्या कठड्याची दुरुस्ती चालू आहे, त्याला कधीच नाही.

खराब काँक्रीट गजाच्या मागेसुद्धा २० ते २५ मिलिमीटर खोल काढायचं. इथंच बहुतेक ठेकेदार कसूर करतात. गजाची फक्त पुढची बाजू घासली, तर मागचा गंज काम चालूच ठेवतो. तारेच्या ब्रशनं लोखंड चमकेपर्यंत घासा. गज पाचव्या हिश्श्याहून जास्त झिजला असेल तर इंजिनिअरला विचारून जोडगज, म्हणजे शेजारी नवा गज, टाका. मग गंजरोधक लेप, जुनं-नवं चिकटवणारा जोडलेप, आणि जोडलेप चिकट असतानाच पॉलिमर मसाला, एका वेळी १० ते १२ मिलिमीटर. छज्ज्याच्या खालच्या कडेला खाच ठेवा, म्हणजे पाणी तिथंच तुटून पडतं, भिंतीकडे सरकत नाही.

[पारदर्शक बाटलीत वाळू आणि पाणी.]

वाळू बाटलीत हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ आठ टक्क्यांहून जास्त असेल तर वाळू धुवून घ्या. बाहेरचं प्लास्टर दोन हातांत, म्हणजे दोन थरांत, मिळून २० मिलिमीटरच्या आसपास, १:४. वीट आणि काँक्रीट जिथं भेटतात तिथं कोंबडीजाळी, नाहीतर सांध्यावर सरळ चीर पडणारच.

[गोणपाट टांगलेली भिंत, त्यावर पाण्याचा पाइप.]

इकडे सगळ्यांना दुरुस्ती आठवते ती आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर. मृग दारात आणि पारा ४४ वर. त्या उन्हात ताजं प्लास्टर दुपारपर्यंत भाजून निघतं. काम करायचं ते दिवाळीनंतर. उन्हाळ्यातच करावं लागलं तर सावलीच्या मागे चला: पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर. गोणपाट सात दिवस ओलं.

टाइल्स किंवा चकचकीत पॅनल लावून नोटीस ‘मिटवण्याचा’ सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. पॅनलमागे भिंत ठोकून बघता येत नाही, एवढंच त्यांना सांगा.

भाडेकरू आहेत, तर दुरुस्तीची जबाबदारी मालकाची. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही ती झाली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. आणि धोका अगदी जवळ आला असेल, तर महानगरपालिका अधिनियमाच्याच कलम २६८ खाली घर, दुकान सगळंच रिकामं करावं लागतं.

[फाइलमध्ये लावलेले फोटो: उघडा गज, लेप लावलेला गज, जाळी, प्लास्टर.]

प्लास्टर चढलं की आतलं काम दिसत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्याचा फोटो त्याच दिवशी. अभियंत्याचं प्रमाणपत्र, फोटो आणि पूर्ततेचा अर्ज एकत्र जमा करा, आणि नोटीस निकाली काढल्याचं पत्र लेखी मागा. तोंडी ‘झालं, जा’ पुढच्या वर्षी कुणाला आठवत नाही.

[दुकानं उघडतात. टेकू अजून जागेवर. काचेच्या पट्टीवरची तारीख.]