गियर अडतो कुठे?

मंडळी, जुनी मोटारसायकल घ्यायला गेलेला माणूस काय काय पाहतो? टाकीवरचे ओरखडे, टायरची नक्षी, मीटरवरचे किलोमीटर. गाडी एमएच १९, म्हणजे आपल्या जळगावची आहे की बाहेरून आलेली, तेही विचारतो. गियर बघायची पद्धत मात्र ठरलेली. उभ्या गाडीवर बसायचं, इंजिन बंद, आणि पायाने लिव्हर दणादण दाबायची. पहिला पडतो, पुढचा पडत नाही. लगेच निकाल: ‘गाडीना गियरबॉक्स गया भो!’

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. मोटारसायकलच्या गियरबॉक्समध्ये गियरची चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. गियर टाकताना त्यांचे दाते जुळवायचे नसतात. जुळतात ते चाकांच्या बगलेला असलेले जाड खुंट, त्यांना डॉग म्हणतात. एका चाकाचे खुंट शेजारच्या चाकाच्या खाचेत शिरले की गियर पडला. आता गाडी उभी आहे, आत सगळं थांबलेलं आहे, आणि खुंटासमोर खाच यायच्या ऐवजी दुसरा खुंटच आला, तर ते एकमेकांवर टेकून बसतात. मग कितीही जोर लावा, गियर पडणार नाही. झालाच तर आतला सिलेक्टर फोर्क, म्हणजे चाकांना बाजूला सरकवणारा काटा, वाकेल. त्यापेक्षा गाडी वीतभर पुढेमागे ढकला आणि त्याच वेळी लिव्हर हलकेच दाबा. पडला ना? मग दोष नव्हताच.

म्हणून पहिली तपासणी गाडी डबल स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून करायची. एका हाताने मागचं चाक पुढेमागे हलवत राहा आणि दुसऱ्या हाताने लिव्हर दाबा. पायाने नको, लिव्हर कुठे अडली आणि कुठे सैल पडली, ते हाताला कळतं, बुटाला कळत नाही. सगळे गियर चढवून उतरवून बघा. असे सगळे मऊ पडत असतील आणि इंजिन चालू केल्यावरच कडक होत असतील, तर दुखणं बहुधा क्लचचं आहे. गियरबॉक्स उघडू देऊ नका. आणि चाक हलत असूनही बंद इंजिनवर गियर अडकत असेल, तर दोष लिव्हरपासून आतल्या ड्रमपर्यंत, म्हणजे फोर्क सरकवणाऱ्या फिरत्या नळ्यापर्यंत, कुठेतरी आहे. ही फाळणी आधी करा, मग मेस्त्रीकडे जा. नाहीतर मेस्त्री इंजिन उतरवून ठेवतो, आणि खरा दोष शे-दोनशे रुपयांच्या क्लच वायरमध्ये निघतो.

क्लच बिघडण्याचे प्रकार दोन, आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे क्लच घसरतो. चौथ्या गियरमध्ये मूठ पिळली की इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही. त्याने गियर कडक होत नाही. दुसरा म्हणजे हँडलवरची क्लच लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही. इंजिनची ताकद थोडी थोडी गियरबॉक्सकडे जातच राहते आणि खुंटांवर ताण राहतो. कडक गियरचं मूळ बहुधा इथे असतं. खूण सोपी आहे. जळगावात सिग्नलला गाडी चालू असताना न्यूट्रल सापडत नाही, पण इंजिन बंद केलं की लगेच लागतो. किंवा पहिल्या गियरमध्ये क्लच पूर्ण दाबून धरला तरी गाडी पुढे सरकायला बघते. सकाळी थंड गाडीला पहिला गियर टाकताना एकदा ‘खट’ झालं तर घाबरू नका. रात्रभर क्लचप्लेटा ऑइलने चिकटलेल्या असतात. गाडी तापल्यावरही तो आवाज राहिला तर मात्र कान द्या.

आता वायर. हँडलवरच्या क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. त्याहून जास्त झोल असेल तर क्लच पूर्ण सुटणार नाही, अजिबात नसेल तर तो घसरेल. हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवून तोच झोल पुन्हा बघा. तो बदलत असेल तर वायर चुकीच्या वाटेने ओढली आहे. लिव्हरजवळ एखादी तार तुटलेली दिसली तर वायर बदलाच. आपल्याकडे कापसाच्या नाहीतर केळीच्या शेतातून फिरणाऱ्या गाडीच्या वायरमध्ये धूळ बसते आणि लिव्हर जड होते. मग माणूस ती अर्धीच दाबतो. वायर ठीक असूनही क्लच सुटत नसेल, तेव्हाच क्लच उघडा. आणि उघडलाच तर नुसत्या प्लेटा बदलून घरी येऊ नका. त्या ज्या हाउसिंगमध्ये बसतात, त्याच्या बोटांवर खाचा पडल्या आहेत का, ते स्वतः बघा. नवी प्लेट जुन्या खाचेत अडकते आणि तक्रार जशीच्या तशी राहते.

ऑइलबद्दल जरा जास्त बोलतो, कारण खान्देशात ऑइलचे हाल फार. आपल्या बहुतेक फोर-स्ट्रोक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गियर या तिघांना एकच ऑइल. गियरचे दाते ते अक्षरशः दळत असतात, म्हणून ते पातळ पडतं. वरून मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे, मागे दुधाच्या कॅन, आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये बांधावरून. ऑइल थकलं की चालवणाऱ्याला आधी जाणवतं ते गियरमध्येच. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटारसायकलच्या ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलं बघून घ्या, ग्रेड गाडीच्या पुस्तकात असेल ती. घर्षण कमी करणारं कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू लागतो. ट्रॅक्टरच्या डब्यात उरलं म्हणून ओतलं, हे तर बंदच करा. जुनी टू-स्ट्रोक येझदी, आरएक्स १०० किंवा जुनी, उजव्या पायाच्या गियरची बुलेट असेल तर हिशेब निराळा. तिथे गियरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, आणि ते कुणी वर्षानुवर्षं बघत नाही.

काढलेलं ऑइल फेकू नका. त्यात बारीक चमक असेल तर चालतं. बोटाला टोचणारा कपचा सापडला तर गाडी घेऊ नका.

बाहेरच्या गोष्टी पटकन सांगतो. पडलेल्या गाडीची वाकलेली गियर लिव्हर, लिव्हरच्या भोकातले झिजलेले दाते, काळ्या मातीने माखलेली सैल चेन, मागच्या हबचे मेलेले रबर. या सगळ्यांचं दुखणं गियरच्या नावावर खपतं. लिव्हर दाबल्यावर आपोआप जागेवर येत नसेल तर शाफ्टची स्प्रिंग बघा.

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा त्याला चालवून, पळवून, वळवून बघतो. तसं गाडीचंही करा. जाल तेव्हा सायलेन्सरला हात लावा. तो गरम असेल तर मालकाने गाडी आधीच तापवून ठेवली आहे. थंड होईपर्यंत चहा घ्या. मग थंड असताना एकदा आणि वीसेक मिनिटं चालवून तापल्यावर एकदा, असे दोनदा गियर बघा.

इथे एक चिठ्ठी आली आहे. ‘दुसरा गियर पडतो, पण सटकतो. चालेल का?’ भाऊ, पडत नाही आणि सटकतो, यांत फार फरक आहे. सटकतो म्हणजे खुंटांच्या कडा गोल झाल्या, नाहीतर फोर्क वाकला, नाहीतर ड्रमला जागेवर धरणारी स्प्रिंग ढिली पडली. एक खाली आणि बाकी वर अशा गाड्यांत पहिला ते दुसरा जाताना मध्ये न्यूट्रल ओलांडावा लागतो. अर्धवट पाय मारणाऱ्यांच्या हातात म्हणूनच दुसरा लवकर झिजतो. मूठ पिळल्यावर सटकतो की सोडल्यावर, ते बघून ठेवा. खुंटाची कोणती बाजू गेली ते त्यावरून कळतं. स्प्रिंग असेल तर बऱ्याच गाड्यांत क्लचच्या बाजूचं कव्हर काढून भागतं. खुंट किंवा फोर्क असेल तर इंजिन दुभागावं लागेल. तो खर्च आधी विचारा आणि किमतीतून तेवढे कमी करून मागा. मालक तयार नसेल तर उठा.

आणि घेतलीच तर काम होईपर्यंत ती चाळीसगावात फिरवा, कन्नड घाटात नेऊ नका. चढताना सटकला तर गाडी नुसती थांबेल. उतरताना सटकला तर इंजिन गाडीला रोखून धरतं ते गेलं, आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर.